‘ढ’ कोण? मूल की तपासणी?

आमच्या वस्तीत विहाराच्या मागच्या खोलीत संध्याकाळची अभ्यासिका चालते. काही वर्षांपूर्वी तेथे चौथीतील दोन मुले येत असत. दोघांच्याही प्रगतिपुस्तकावर एकच शेरा होता, ‘वाचन येत नाही, लक्ष देत नाही’. दोघांच्याही आया धुणीभांडी करणाऱ्या. शाळेत दोघांनाही एकच नाव पडलेले, ‘ढ’. पहिला मुलगा अख्खा धडा तोंडपाठ म्हणून दाखवायचा, पण मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘हे वाच’ म्हटले की गप्प व्हायचा. दुसऱ्याला धडा पाठही होत नव्हता. आम्ही शाळेत गेलो तेव्हा वर्गशिक्षक म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, घरात वातावरण नाही. यांचे असेच असते.’’

‘यांचे’ म्हणजे कोणाचे, हे वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. हा शब्द आपल्या बापजाद्यांनी ऐकला, आपण ऐकला आणि आता आपली लेकरे ऐकत आहेत. परंतु त्या दिवशी आम्ही भांडून परत आलो नाही. दोन्ही मुलांची रीतसर तपासणी करून घ्यायची असे ठरवले. तपासणीत निघाले ते असे. दुसऱ्या मुलाचा कान अनेक महिने वाहत होता, त्याला कमी ऐकू येत होते. त्याला उपचार हवा होता, तो मिळाला आणि वर्षभरात तो वाचू लागला. पहिल्याचे कान ठीक, डोळे ठीक, बुद्धी चांगली, पण शब्दातले ध्वनी वेगळे करणे त्याला जमत नव्हते. म्हणजे एका ‘ढ’ या शिक्क्याखाली दोन वेगवेगळी दुखणी दडली होती आणि शाळेने चार वर्षांत एकही पाहिले नव्हते.

ही तपासणी काय असते, हे चळवळीतल्या प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने समजून घेतले पाहिजे. वाचन डोळ्यांनी होते असे आपण समजतो. पण छापील अक्षर वाचायचे म्हणजे त्या खुणेला तिचा आवाज जोडायचा असतो. बोललेला शब्द लहान लहान आवाजांचा बनलेला आहे, हे ज्या मुलाच्या कानाला आणि मेंदूला उमगत नाही, त्याला अक्षरे ओळखूनही शब्द वाचता येत नाही. या कौशल्याला ‘ध्वनिप्रक्रिया’ म्हणतात. अमेरिकेतील रिचर्ड वॅग्नर आणि जोसेफ टॉर्गेसन या संशोधकांनी १९८७ साली या कौशल्याचे तीन भाग मांडले. पुढे १९९९ मध्ये त्यांनी कॅरोल रॅशॉट यांच्यासह ‘सीटॉप’ नावाची चाचणी तयार केली. २०१३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली.

पहिला भाग ध्वनींच्या जाणिवेचा. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरते? ‘पा’, ‘ऊ’, ‘स’ जोडून कोणता शब्द होतो? ‘भाकर’सारखी सुरुवात कोणत्या शब्दाची, ‘भात’ की ‘डाळ’? हे सगळे तोंडी विचारायचे, पाटी-पेन्सिल न घेता.

दुसरा भाग ध्वनींच्या स्मरणाचा. आकडे ऐकवायचे आणि त्याच क्रमाने म्हणायला लावायचे. किंवा ‘मुटीरोल’, ‘तबुकेशा’ असे निरर्थक शब्द ऐकवून जसेच्या तसे म्हणायला सांगायचे. नवा लांब शब्द वाचताना पहिले अक्षर शेवटच्या अक्षरापर्यंत डोक्यात धरून ठेवावे लागते. ते धरता येते की नाही, हे यात कळते.

तिसरा भाग भराभर नावे सांगण्याचा. ओळीने छापलेली चित्रे, रंग, आकडे किंवा अक्षरे न थांबता वाचून दाखवायची आणि किती वेळ लागला तो मोजायचा. ओळखीच्या गोष्टीचे नाव ओठांवर यायला ज्याला वेळ लागतो, त्याचे वाचनही अडखळते.

आमच्या पहिल्या मुलाला गोष्ट ऐकून तिचा अर्थ सांगायला लावला की तो वर्गातल्या हुशार मुलांना मागे टाकत असे. पण ‘काकू’चा शेवटचा ‘ऊ’ काढून ‘ई’ लाव म्हटले की त्याला ‘काकी’ सापडत नव्हती. म्हणूनच तो धडे पाठ करत होता. त्याला वाचता येत नव्हते आणि ते लपवायची त्याची हीच एक युक्ती होती. ज्या पोराने चार वर्षे कानाने पुस्तके पाठ करून वर्ग काढले, त्याला मतिमंद म्हणणारी शाळाच खरे तर नापास झाली होती.

आता दुसरी बाजू पाहू. इंग्रजी मुलांसाठी केलेली चाचणी मराठीत भाषांतर करून चालत नाही. इंग्रजीत एकेका सुट्या ध्वनीला महत्त्व आहे. आपली लिपी अक्षरांची आहे. ‘का’ या एका अक्षरात व्यंजनही आहे आणि स्वरही. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारताना ‘इ’ नंतर येतो. ‘चार’मधला ‘च’ वेगळा, ‘चाक’मधला वेगळा, लिहायचा मात्र एकच. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक मोठ्या माणसांनाही अडवतो. बंगळूरच्या संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास करून २००७ मध्ये दाखवले की अशा लिपीत सगळी अक्षरे पक्की व्हायला अनेक वर्षे लागतात आणि सुट्या ध्वनीची जाण सावकाश येते. म्हणजे दुसरीतल्या मराठी मुलाला ‘क्’ आणि ‘आ’ वेगळे करता आले नाहीत, तर तेवढ्यावरून त्याला आजार आहे असे ठरवणे अन्यायाचे आहे. आपल्यापैकी अनेकांनी पोटाला चिमटा घेऊन मुले इंग्रजी माध्यमात घातली आहेत. त्यांची तपासणी केवळ इंग्रजीत झाली तर घरात इंग्रजी नसण्याची शिक्षा त्या मुलाला मिळेल.

यापेक्षाही गंभीर प्रश्न बोलीचा आहे. वऱ्हाडातले मूल ‘केळ’ला ‘केय’ म्हणते. आपल्या घराघरांत ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. तपासणाऱ्याला ती बोली ठाऊक नसेल तर तो ही उच्चाराची चूक म्हणून नोंदवील. आपल्या ‘न’ आणि ‘ण’वर कोण हसत आले, हे आपल्याला पाठ आहे. काल ज्या उच्चाराला अशुद्ध म्हटले, त्याला आज दोष म्हणून कागदावर लिहिले तर जुनाच भेद नव्या शिक्क्यानिशी परत येईल. बोली हा आजार नव्हे. मूल ज्या बोलीत वाढले, त्या बोलीचा हिशेब धरूनच गुण दिले पाहिजेत.

हा धोका आमच्या मनातला नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय बांधवांनी तो भोगला आहे. कॅलिफोर्नियात १९६८-६९ साली शाळांतल्या एकूण मुलांत कृष्णवर्णीय ९ टक्के होते, पण मतिमंदांच्या वर्गांत ते २७ टक्के होते. सॅन फ्रान्सिस्कोतील पालकांनी १९७१ मध्ये दावा लावला. तो ‘लॅरी पी. विरुद्ध राइल्स’ या नावाने प्रसिद्ध आहे. कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी त्याच मुलांना विश्वासात घेऊन, त्यांच्या बोलीतली उत्तरे मान्य करून पुन्हा तपासले, तेव्हा ती मुले मतिमंद ठरली नाहीत. १९७९ मध्ये न्यायमूर्ती रॉबर्ट पेकहॅम यांनी अशा बुद्ध्यंक चाचण्यांच्या आधारे कृष्णवर्णीय मुलांना त्या वर्गांत टाकण्यास मनाई केली. १९८४ साली अपील न्यायालयानेही निकालाचा मुख्य भाग कायम ठेवला.

मग चाचण्याच नकोत का? आमचे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. चाचणी नसती तर आमचा पहिला मुलगा ‘ढ’ म्हणूनच शाळेबाहेर पडला असता. निरर्थक शब्दांची चाचणी घराच्या शब्दसंपत्तीवर फारशी अवलंबून नसते. शब्दसंपत्ती मोजणाऱ्या चाचणीपेक्षा ती वंचित समूहांच्या मुलांना कमी अन्याय करते, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवले आहे. मराठीसाठी साधनही आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ हा संच हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार केला आणि २०१५ मध्ये तो खुला झाला. त्यात शिक्षकांनी वापरायची प्राथमिक तपासणीही आहे. तुमच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींनी त्याचे नाव तरी ऐकले आहे काय, हे जरूर विचारा.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. कलम १६ प्रमाणे मान्यताप्राप्त शाळांनी ही अक्षमता लवकरात लवकर ओळखून उपाय करावेत, हे पाहणे सरकारचे काम आहे. कलम १७ प्रमाणे दर पाच वर्षांनी शाळेतील मुलांचे सर्वेक्षण व्हावयाचे आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टीही त्याच कलमात आहेत. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी चाळणी तपासणी करावी असे सांगितले. पण त्याच सूचनांत बुद्ध्यंक ८५ च्या वर असण्याची अट होती. ज्या घरात पुस्तक नाही त्या घरचे पोर शब्दार्थ आणि सामान्यज्ञानाच्या प्रश्नांत मागे पडते, बुद्ध्यंक ८० येतो आणि हक्क हातचा जातो.

महाराष्ट्रात दहावीच्या सवलती १९९६ पासून आहेत. आम्ही पाहिले ते असे की, त्या आधी पोहोचल्या त्या शहरातल्या सुखवस्तू घरांत. आमच्या मुलाच्या आईला एका दाखल्यासाठी सहा खेपा घालाव्या लागल्या आणि सहा दिवसांची मजुरी बुडाली. २००७ साली ‘तारे जमीन पर’ पाहून सगळा देश रडला, पण वस्तीतल्या ईशानसाठी कोणाचे डोळे ओले झाले? उलट २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलाला मागे ठेवण्याची वाट मोकळी झाली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रानेही ती वाट धरली. ज्याचे निदानच झाले नाही, त्याला त्याच वर्गात पुन्हा बसवून काय साधणार? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मूर खटल्यात सांगितले की, वाचनाची अडचण असलेल्या मुलाला मिळणारी खास मदत ही चैन नसून सर्वांना मिळणाऱ्या शिक्षणापर्यंत पोहोचण्याची वाट आहे. सवलतीला भीक म्हणणाऱ्यांना आपण आयुष्यभर हेच सांगत आलो आहोत.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. आपले कितीतरी बांधव शिक्षक आहेत. त्यांच्याही तोंडून आम्ही ‘ढ’ ऐकले आहे. पालकही दाखला लपवतात. ‘आधीच जात, त्यात हे आणखी’ असे म्हणतात. त्यांची भीती आम्हाला कळते. पण लपवल्याने मूल वाचायला लागत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मूल वाचत नसेल तर आधी कान आणि डोळे तपासा. विहारातल्या अभ्यासिकेत रोज दहा मिनिटे आवाजांचे खेळ घ्या. टाळ्या वाजवून शब्द तोडा, जोडा, अक्षर बदलून नवा शब्द करा. याला एक पैसा लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना तेथे प्रमाणात जागा आहेत. त्या जागांवर बसा आणि लेखी विचारा, तिसरीची तपासणी कधी झाली, कोणत्या भाषेत झाली, कोणी केली? उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका.

बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तेव्हा शिक्षणाचा प्रसार हे तिच्या पहिल्या उद्देशांपैकी एक होते. ‘शिका’ हा त्यांचा आदेश आपण भिंतीभिंतीवर लिहिला. तो आदेश वाचताच न येणारे मूल आपल्या वस्तीत बसले असेल, तर त्याचा आवाज आधी आपण ऐकला पाहिजे. आमचा पहिला मुलगा पुढे लेखनिक घेऊन दहावी पास झाला. निकालाच्या दिवशी त्याने आमच्यासमोर वर्तमानपत्राचा मथळा बोट ठेवून, अडखळत, पण स्वतः वाचला.