आधी वाट, मग गाव

मुलांनो, 'हाक्का' या चिनी शब्दाचा अर्थ 'पाहुणी कुटुंबे'. हे लोक पिढ्यान्पिढ्या उत्तर चीनमधून दक्षिणेकडे सरकत आले. त्यांतल्या काहींनी हाँगकाँगच्या ईशान्येला लाय ची वो हे गाव वसवले. पुढे भातखाचरे, मध्ये सुमारे २०० घरे, मागे आपल्या देवराईसारखी जपलेली राई.

१९५० नंतर भातशेती परवडेना. तरुण मंडळी आपल्यासारखीच इथे इंग्लंडला आली. बऱ्याच जणांनी उपाहारगृहांत काम धरले. मागे घरांना कुलुपे लागली.

२०१३ पासून हाँगकाँग विद्यापीठ आणि गावकरी यांनी मिळून तिथे पुन्हा शेती सुरू केली. २०२० मध्ये युनेस्कोने या कामाचा गौरव केला. पण गावाला मोटाररस्ता नाही. बोटीने जायचे, नाहीतर डोंगरातून चालत. म्हणून अशा गावांना जुन्या पायवाटा दुरुस्त करणे फार महत्त्वाचे.

डोंगरातल्या पायवाटेचा मोठा शत्रू म्हणजे पाणी. आधी त्याला चर खणून बाजूला काढायचे, मग निसटलेले दगड पुन्हा घट्ट बसवायचे. सिमेंट ओतले तर पाणी मुरत नाही, कडेने जोरात धावते आणि कडा खचतात. दगडांच्या फटींतून मात्र ते मुरते.

तरीही खरी दुरुस्ती पावलांनीच होते. वर्दळ थांबली की दोन पावसाळ्यांत वाट गवतात जाते.

आमच्या कोकणातल्या घरालाही कुलूप आहे. तुम्ही सुटीत गावी गेलात, तर विहिरीकडची जुनी वाट आजोबांना विचारा आणि त्यांच्याबरोबर एकदा चालून या.