फोनच्या स्मरणांतील जुने पत्ते



गेल्या उन्हाळ्यांत यवतमाळांतील माझ्या शेजारच्या एका विद्यार्थ्यास प्रवेशाचा अर्ज भरावयाचा होता. मुदतीचा एकच दिवस उरला होता. त्याच्या वडिलांच्या फोनवर तें संकेतस्थळ कांहीं केल्या उघडेना. माझ्या फोनवर मात्र तेंच सुरळीत उघडत होतें. एका दुकानदारानें निदान केलें कीं, फोन बिघडला आहे, सर्व पुसून कोरा करावा लागेल. त्या फोनमध्यें मुलाच्या दिवंगत आजीचीं छायाचित्रें आणि तिच्या आवाजांतील कांहीं निरोप होते. बाप गोंधळून माझ्याकडे आला. वस्तुतः फोन कोरा करण्याचें कारणच नव्हतें. त्यानें एक जुना पत्ता लक्षांत धरून ठेविला होता, एवढेंच. तो विसरावयास कसें लावावें, हें आज सांगावयाचें आहे.

आपण संकेतस्थळास नांवानें हांक मारतों; परंतु यंत्रें एकमेकांस अंकांनीं ओळखतात. १९२.०.२.१ अशा नमुन्याचा चार संख्यांचा तो पत्ता असतो. नव्या पद्धतीचे पत्ते याहूनहि लांब असतात. नांव सांगितल्यावर हे अंक शोधून देणारी जी जगद्व्यापी व्यवस्था आहे, तिला डी. एन. एस. म्हणतात. आरंभीं यंत्रें थोडीं होतीं, तेव्हां सर्व नांवांची एकच यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेंत ठेवीत, आणि बाकीचे तिची नक्कल उतरून घेत. यंत्रें वाढलीं तशी ती यादी पुरेनाशी झाली. म्हणून १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं ही नवी व्यवस्था रचली. यादीचे विभाग पाडावे आणि ज्याचा विभाग त्यानें सांभाळावा, हें तिचें मुख्य तत्त्व.

परंतु प्रत्येक वेळीं दूरवर विचारणा करण्यांत वेळ जातो. म्हणून फोन, ब्राउझर आणि इंटरनेट पुरविणारी कंपनी हीं तिन्हीं ठिकाणें एकदां मिळालेलें उत्तर थोडा वेळ टिपून ठेवितात. या टिपणास कॅश म्हणतात. रोख रकमेशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं! प्रत्येक उत्तराबरोबर त्याचें आयुष्य सेकंदांत सांगितलेलें असतें. ३०० म्हणजे पांच मिनिटें, ८६,४०० म्हणजे एक दिवस. तें संपलें कीं टिपण टाकून द्यावयाचें, असा नियम आहे. मात्र मधल्या काळांत संकेतस्थळ दुसऱ्या यंत्रावर हलविलें, तर टिपण खोटें ठरतें, आणि फोन आपला जुन्याच दारावर थाप मारीत बसतो.

यवतमाळकरांस हें समजणें कठीण नाहीं. मूर्तिजापूरला जाणारी आपली 'शकुंतला' बंद पडली. आज कोणी पेटींतून तिचें वेळापत्रक काढून फलाटावर जाऊन बसला, तर मूर्तिजापूर गांव नाहींसें झालें असें म्हणावयाचें काय? गांव आहे, जावयाचा मार्गहि आहे. हातांतला कागद तेवढा जुना आहे.

आतां उपाय. प्रथम तेंच संकेतस्थळ दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहावें. कोठेंच उघडत नसेल, तर दोष बहुधा त्या संकेतस्थळाचाच. आपण स्वस्थ बसावें. केवळ आपल्याच फोनवर अडत असेल, तर 'एअरप्लेन मोड' लावून दहाएक सेकंदांनीं काढावा. संपर्क तुटून पुन्हां जुळतांना जुनीं टिपणें बहुधा निघून जातात. तेवढ्यानें न भागल्यास फोन बंद करून पुन्हां सुरू करावा.

ब्राउझरचें टिपण वेगळें असतें. अँड्रॉइड फोनवर किंवा संगणकावर क्रोम असेल, तर पत्त्याच्या चौकटींत रोमन अक्षरांनीं 'क्रोम' लिहून कोलन व दोन तिरप्या रेघा द्याव्या. पुढें 'नेट-इंटरनल्स', एक तिरपी रेघ, हॅशचें चिन्ह आणि 'डीएनएस' असें लिहावें. जें पान उघडेल त्यावरील 'क्लिअर होस्ट कॅश' हें बटण दाबावें. विंडोजच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्टमध्यें 'आयपीकॉन्फिग', मोकळी जागा, तिरपी रेघ आणि 'फ्लशडीएनएस' अशी आज्ञा द्यावी. इतकेंहि करून अडलें, तर घरचें वायफाय सोडून मोबाइल डेटा वापरून पाहावा. कारण जुनें टिपण कंपनीकडेच असूं शकतें, आणि त्यावर आपला हात चालत नाहीं.

एक गोष्ट विसरूं नये. या उपायांनीं छायाचित्रें, निरोप वा संकेतशब्द यांपैकीं कांहींहि पुसलें जात नाहीं. 'ब्राउझिंग डेटा' पुसण्याची सोय निराळी. तिनें पाहिलेल्या पानांची नोंद जाते, आणि कुकी पुसल्यास ठिकठिकाणीं पुन्हां प्रवेश करावा लागतो. फोन कोरा करणें तर त्याहून फार पुढचें. एक जुनें टिपण काढण्यासाठीं सबंध वही कोणी जाळीत नाहीं.

त्या मुलाचा अर्ज त्याच रात्रीं, त्याच फोनवरून गेला. आजीचे निरोपहि जागेवर आहेत.