निळ्या रेषेच्या आतली जमीन

पवना, इंद्रायणी आणि मुळेकाठची पूरमैदाने हे अतिवृष्टीविरुद्धचे पिंपरी-चिंचवडचे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ यांची मुळे काठ धरून ठेवतात. गवत पाण्याचा वेग मोडते, माती ते जिरवते आणि कार्बनही साठवते. भराव टाकला की हे सगळे थांबते आणि पाणी दुसऱ्याच्या घरात शिरते.

निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी; लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर महापालिकेने मे २०२५मध्ये पाडले. मुळात ते तिथे उभेच राहायला नको होते.

चाकणजवळचा भामचंद्र आणि देहूजवळचा भंडारा या तुकोबांच्या डोंगरांचे गवताळ उतारही जपायला हवेत. गवताचा बराचसा कार्बन जमिनीखाली असतो. तिथे खड्डे खणून गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावणे म्हणजे हिरवाई नव्हे.

पूरमैदाने आणि गवताळ उतार जपणे हे निसर्गाधारित उपाय आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने मार्च २०२२मध्ये अशा उपायांची व्याख्या मान्य केली, तेव्हाच हे उपाय उत्सर्जनकपातीला पर्याय नाहीत, असेही नोंदवले. चाकणच्या कारखान्यांनाही ते लागू आहे.

नदीकाठी प्लॉट घेत असाल, तर आधी पूररेषेचा नकाशा पाहा. जमीन निळ्या रेषेच्या आत असेल, तर व्यवहार करू नका.