उसाऐवजी संगणक: हिंजवडीची गोष्ट

रविवारी रात्री मोहोळला हायवेच्या कडेला पुण्याच्या ट्रॅव्हल्सची वाट बघत पोरं-पोरी उभ्या असतात. पाठीला लॅपटॉप, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पहाटे वाकडला उतरायचं, तिथून हिंजवडी.

आमच्या तालुक्यात साखर कारखाना म्हणजे काय हे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. उसाचं बिल निघालं की लेकीच्या लग्नाचं बोलणं पुढं सरकतं. म्हणून हिंजवडीची जन्मकथा मला जवळची वाटते. तिथंही आधी कारखानाच होणार होता. शरद पवारांनी ही आठवण जाहीरपणे सांगितली आहे: भूमिपूजनाला गेले आणि कारखाना दुसरीकडे न्या, इथं आयटी येऊ द्या, असं तिथंच सांगून आले. संत तुकाराम कारखाना कासारसाईला उभा राहिला. इकडे हिंजवडी, माण, मारुंजीच्या शिवारात एमआयडीसीने राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसवलं. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस आल्या आणि फेज वन, टू, थ्री असं भाताचं रान मागे हटत गेलं.

हिंजवडीशी ताडून पाहावं असं बीजिंगचं तंत्रज्ञान-नगर म्हणजे झोंगग्वानसुन; त्याचं बी वेगळं. अमेरिका पाहून आलेले भौतिकशास्त्रज्ञ चेन चुनशियान यांनी १९८० मध्ये तिथं तंत्रसेवेचं छोटं केंद्र काढलं. विज्ञान अकादमी, पेकिंग आणि छिंगह्वा विद्यापीठं हाकेच्या अंतरावर. अकादमीतूनच १९८४ मध्ये पुढची लेनोवो निघाली. १९८८ मध्ये सरकारने त्या भागाला प्रायोगिक क्षेत्राचा दर्जा दिला. म्हणजे आधी प्रयोगशाळा, मग बाजार.

हिंजवडीच्या शेजारी अशी प्रयोगशाळा नव्हती. तिला मिळाली ती माणसं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट करून दिली, आणि ज्यांच्या घरात कुणी पदवीधर नव्हतं अशी मुलंही इंजिनिअर झाली. माझ्या मते हिंजवडीचा खरा पाया हाच. काम मात्र बहुतेक परदेशी ग्राहकांचं. स्वतःचं उत्पादन घडवण्यात आपण मागे राहिलो, याची मला खंत आहे.

दुसरी खंत रस्त्याची. एवढं नगर उभं राहिलं तरी कारभार वर्षानुवर्षे ग्रामपंचायतींच्याच खांद्यावर होता. पाऊस पडला की रस्त्याचा ओढा होतो आणि आमची पोरं तासन्‌तास बसमध्ये अडकतात. माण ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रोचं भूमिपूजन झालं ते २०१८ च्या डिसेंबरात.

गाव मात्र हरवलेलं नाही. हनुमान जयंतीला ग्रामदैवत म्हातोबाचं बगाड हिंजवडीतून वाकडला निघतं. मानाचा गळकरी बगाडावर चढतो, खाली भंडाऱ्याची उधळण होते, आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र असलेली मुलं रस्त्याच्या कडेला थांबून हात जोडतात.