दिव्यावरील ‘आयपी’ अंक काय सांगतात?

गोंदिया, प्रतिनिधी - धान भरडाईच्या गिरण्यांमुळे ‘राइस सिटी’ म्हणून ओळखले जाणारे गोंदिया शहर आणि गावोगावी मामा तलाव असलेला हा जिल्हा विजेच्या दिव्यांची दुहेरी परीक्षा घेतो. गिरणीत कोंड्याचा सूक्ष्म धुरळा दिवसभर उडत असतो, तर जून ते सप्टेंबर या काळात पाऊस चहूबाजूंनी झोडपतो. यांपैकी काहीही दिव्यात शिरले, तर दिवा बंद पडणे हे सर्वांत लहान नुकसान ठरते. ओल्या धातूच्या आवरणात वीज उतरली, तर जिवावर बेतू शकते. हे टाळण्यासाठी उपयोगी पडणारी माहिती दिव्याच्या खोक्यावरच छापलेली असते. ‘आयपी ४४’, ‘आयपी ६५’ असे ते अंक असतात. मात्र दिवा घेताना वॉट आणि किंमत पाहणारा ग्राहक त्यांच्याकडे क्वचितच लक्ष देतो.

‘इंग्रेस प्रोटेक्शन’, म्हणजे बाहेरील वस्तूंच्या शिरकावापासून संरक्षण, या नावाने ही पद्धत ओळखली जाते. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकात तिचे नियम दिलेले असून, भारतातही ‘आयएस/आयईसी ६०५२९’ या नावाने ते स्वीकारलेले आहे. ‘आयपी ६५’ हा ‘पासष्ट’ असा एक आकडा नसून ‘सहा’ आणि ‘पाच’ असे दोन स्वतंत्र अंक आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

पहिला अंक धुळीचा

पहिला अंक ० ते ६ या दरम्यान असतो. २ असल्यास बोट आतील धोकादायक भागापर्यंत पोहोचत नाही. ४ असल्यास १ मिलिमीटर जाडीची तारही आत जात नाही. धुळीपासून खरे संरक्षण मिळते ते ५ पासून. त्यात थोडी धूळ शिरू शकते, पण दिव्याच्या कामात किंवा सुरक्षिततेत बाधा येईल इतकी नाही. ६ म्हणजे धुळीला पूर्ण मज्जाव. टाल्कम पावडरची भुकटी उडत असलेल्या बंद पेटीत ८ तासांपर्यंत दिवा ठेवून ही चाचणी घेतली जाते.

दुसरा अंक पाण्याचा

पाण्याच्या अंकात ३ म्हणजे तिरप्या पावसापासून, तर ४ म्हणजे सर्व दिशांनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण. ५ साठी ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला १२.५ लिटर पाण्याचा झोत मारला जातो; ६ साठी १२.५ मिलिमीटर तोंडातून मिनिटाला १०० लिटर. ७ साठी दिवा १ मीटरपर्यंत खोल पाण्यात ३० मिनिटे बुडवून ठेवतात. ८ हा अंक सतत पाण्याखाली राहणाऱ्या वस्तूंचा असून, खोली व कालावधी निर्मात्याने नमूद करायचा असतो.

येथेच अनेकांची गफलत होते. ७ हा अंक ६ पेक्षा मोठा असला, तरी बुडणे आणि झोत सोसणे या दोन निराळ्या चाचण्या आहेत. ‘आयपी ६७’ दिवा जोरदार झोत सोसेलच असे नाही. दोन्ही चाचण्या झाल्या असतील, तर ‘आयपी ६६/६७’ असे लिहिलेले असते. अंकाच्या जागी ‘एक्स’ हे अक्षर असल्यास ती बाजू तपासून अंकित केलेली नाही, असा अर्थ घ्यावा.

घराच्या पडवीत, छताच्या आडोशाला ‘आयपी ४४’ पुरेसा ठरतो. उघडे अंगण, खळे किंवा रस्त्याच्या खांबासाठी ‘आयपी ६५’ निवडणे योग्य. तलावाच्या घाटावर, जेथे पाणी चढून दिवा काही काळ बुडण्याची शक्यता असते, तेथे ‘आयपी ६७’ पाहावा.

गिरणीसाठी वेगळा विचार

भात गिरणीत पहिला अंक ६ असणे हितावह आहे. मात्र तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे. धान्याचा सूक्ष्म धुरळा बंद जागेत दाट झाला, तर ठिणगीने त्याचा स्फोट होऊ शकतो. आयपी अंक स्फोटापासून सुरक्षिततेची हमी देत नाही. असा धुरळा साठणाऱ्या जागी त्यासाठी स्वतंत्रपणे प्रमाणित केलेलेच दिवे लावावे लागतात. दिव्यावर बाहेरून बसणारा कोंड्याचा थरही उष्णता कोंडून धरतो. त्यामुळे वीज बंद करून तो वेळोवेळी पुसून काढणे आवश्यक असते.

अंक टिकतो तो जोडणीवर

चाचणी होते ती नव्या, नीट बंद केलेल्या दिव्याची. वायर आत नेण्यासाठी आवरणाला आणखी एक छिद्र पाडले, केबल ग्लँड सैल राहिली किंवा झाकणाखालची रबरी पट्टी उन्हाने तडकली, की खोक्यावरील अंकाला अर्थ उरत नाही. सणासुदीला लावल्या जाणाऱ्या एलईडी पट्ट्या मधून कापल्यास कापलेले टोक पुन्हा बंद करावेच लागते. शिवाय, तापलेल्या दिव्यावर थंड पाऊस पडला की आतील हवा आकसते आणि सैल फटीतून ओलावा आत ओढला जातो. काचेच्या आत पाण्याचे थेंब दिसू लागले, तर वीज बंद करून दिवा परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावा.

अंक कितीही मोठा असला, तरी तो अर्थिंगला पर्याय नाही. बाहेरील दिव्यांच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसविल्यास वीज गळू लागताच पुरवठा तुटतो. योग्य अंकाचा दिवा, घट्ट जोडणी, अर्थिंग आणि आरसीसीबी या चारही गोष्टी पावसाळ्याआधीच तपासून घेणे शहाणपणाचे ठरेल.