कोयनेल, डीडीटी आणि धारवाडच्या भिंती

दुसऱ्या महायुद्धाची झळ मुंबई-कलकत्त्याला बसली, हुबळी-धारवाडकडे ती फिरकलीच नाही, असे अनेकांना वाटते. इथे बॉम्ब पडले नाहीत, हे खरेच. पण मार्च 1942मध्ये जपानने जावा घेतले आणि हिवतापाने कुडकुडणाऱ्या खेडुताच्या औषधाची वाट बंद झाली. जगातले बहुतेक कोयनेल जावाच्या सिंकोना मळ्यांतून येई. नीलगिरी आणि दार्जिलिंगचे आपले मळे देशाला पुरणारे नव्हते, आणि जे मिळे त्यात फौजेची गरज आधी.

तुटवडा आला की भेसळीची भीती असतेच; पण औषधांतल्या भेसळीविरुद्ध तेव्हा कायदाच नव्हता, हेही चूक. औषधांच्या चौकशीसाठी नेमलेल्या रामनाथ चोप्रा समितीचा अहवाल 1931चा, कायदा 1940चा. नियम मात्र डिसेंबर 1945मध्ये आले, म्हणजे युद्ध आटोपल्यावर. ऐन तुटवड्याची वर्षे नियमांविनाच गेली.

सर्वांत घट्ट रुजलेला समज डीडीटीचा: फौजेचे औषध आले, धूर सोडला, उडते डास मेले, ताप गेला. डीडीटीचा कीटकनाशक गुण पाउल म्युलर यांनी 1939मध्ये स्वित्झर्लंडमध्ये शोधला आणि युद्धात ते सैन्याने उवा-डासांवर वापरले, इतपत बरोबर. पण धारवाड आणि कारवार जिल्ह्यांतल्या खेड्यांत 1946पासून ते नेले मुंबई प्रांताच्या हिवताप खात्याने. डॉ. डी. के. विश्वनाथन आणि पुढे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे संचालक झालेले टी. रामचंद्र राव यांचे हे काम आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही, याचे मला वाईट वाटते. तेव्हा धारवाड मुंबई प्रांतातच होते; म्हैसूर राज्यात गेले ते 1956मध्ये.

फवारा हवेत नव्हे, भिंतींवर मारायचा होता. मलनाडातला, म्हणजे घाटालगतच्या डोंगराळ पट्ट्यातला, ॲनोफिलिस फ्लुविआटिलिस डास संथ वाहणाऱ्या ओढ्यांत वाढतो. ओढे तर गावोगावी. ते सगळे आवरायचे कुणी? पण रात्री चावून झाल्यावर हा डास घरात, गोठ्यात भिंतीवर विसावतो. तिथे डीडीटीचा थर असला की त्याच्या पायांतूनच विष भिनते. म्हणून फवारणी झाली की घरच्या बाईला सांगावे लागे: आता काही महिने भिंत लिंपू नका, चुना देऊ नका. सणावाराला भिंती लिंपणाऱ्या घरात ही विनंती सोपी नव्हती, आणि मोहिमेचे यश त्या बायांच्याही हातात होते. गुण आला की नाही हे पाहायला मुलांच्या पोटावर बोटे दाबून हिवतापाने वाढलेली पानथरी चाचपत. अशी मुले कमी होत गेली, तापही उतरला. 1953च्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाने भिंतींवरच्या फवारणीचीच पद्धत देशभर नेली.

भारतात 1989मध्ये डीडीटीवर सरसकट बंदी आली, हेही खरे नाही. त्या वर्षी शेतीतला वापर थांबवला गेला. रोगवाहक कीटकांसाठी सार्वजनिक आरोग्य खात्याला मुभा राहिली. मात्र अनेक भागांतल्या डासांनी त्याला दाद देणे सोडले आहे, त्यामुळे तिथे दुसरी कीटकनाशके आणि औषध लावलेल्या मच्छरदाण्या वापराव्या लागतात.