हप्त्याच्या तोंडावर येणारी लिंक

पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता जवळ आला की ‘केवायसी बाकी आहे’ म्हणत एपीके (अ‍ॅप बसवणारी) फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागते. ओळखीच्या नंबरावरून आली तरी उघडू नका. त्या ओळखीच्या माणसाचाच फोन आधी हॅक झालेला असू शकतो. फाइल इन्स्टॉल करून तिला एसएमएस वाचायची परवानगी दिली, की ओटीपी परस्पर चोराकडे जातो. तुम्ही कुणाला आकडा सांगितलेला नसतो, तरी खातं रिकामं!

ईमेलचंही तेच. पाठवणाऱ्याचं नाव ‘इन्कम टॅक्स रिफंड’ दिसतं, पण नाव कुणीही काहीही टाकू शकतं. आतली लिंक कुठे नेते ते बघा. साइटचं नाव शेवटाकडून वाचा. केंद्र सरकारचं असेल तर शेवटी सहसा ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. मध्येच ‘जीओव्ही’ घुसवून शेवटी भलतंच असेल तर साइट नकली. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ हा खास शेवट ठरवून दिला, मुदत होती ३१ ऑक्टोबर २०२५. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

बोटांच्या ठशांचा गैरवापर करून पैसे काढले जाऊ नयेत म्हणून आधारचं बायोमेट्रिक अधिकृत अ‍ॅपमधून लॉक करून ठेवा. पैसे गेलेच तर लाजेपायी थांबू नका, लगेच १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येऊ शकते.